उलट्या काळजाचे मास्तर

...नाही, पण मला सांगा, हा काय प्रश्न झाला का, की ‘मास्तर, चाळिशीला टेकलात आणि स्वतःचं काळीज कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हतं?’ अहो, तुम्हाला तरी ठाऊक आहे का? तुम्ही, हां, पुढे बसलेले, हात लावा बघू काळजाला. बघा, गेला डावीकडे! का गेला? शाळेच्या पुस्तकात चित्र होतं म्हणून गेला. आत डोकावून कुणी पाहिलंय? मास्तरांनीही जन्मभर हात तिथेच ठेवला, घाबरले तेव्हा, शपथ घेतली तेव्हा, बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा... आणि तुम्हाला सांगतो, त्या खोलीत कुणी राहतच नव्हतं! बिऱ्हाड समोरच्या खोलीत!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. ती गाडी पाहिलीत ना, डोक्यावर पाटी असलेली, शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी मास्तरांच्या पायाशी दुसरा? तर त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तर दिवसभर बसायचे आणि म्हणायचे, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, आरशात बघा, अहो आरशात, स्वतःला नव्हे. आणि मधेमधे खोकायचे. मधेमधे म्हणजे काय, खोकल्याच्या मधेमधे शिकवायचे म्हणा ना! नाक तर जन्मल्यापासून वाहतंय. त्यांची आई सांगते, पोर रडायच्या आधी शिंकलं. बाळपणी कान वाहायचे, शाळेत नाक वाहायचं, पुढे छातीत कफ, सकाळी उठलं की अर्धा तास नुसती घरघर. आणि घरात हे एकटेच नाहीत! थोरली बहीण, ताई, तिचंही तेच. हे या खोलीत खोकले की ती त्या खोलीत खोकायची, जुगलबंदीच चालायची. शेजाऱ्यांना गजर लावावा लागत नसे.

आता डॉक्टर नव्हते का? होते की! घराजवळचे, पिढीजात ओळखीचे. ते म्हणाले ॲलर्जी. कशाची? तर धुळीची. झालं, घरातली सतरंजी गेली. मग म्हणाले थंडीची, थंड पाणी गेलं. मग म्हणाले मांजराची. मांजर नव्हतंच घरात, पण शेजारच्यांशी भांडण झालं! मग नाकात मांस वाढलं म्हणून शस्त्रक्रिया झाली, ते काढलं, ते परत वाढलं, परत काढलं. नाकी नऊ येणं म्हणतात ते मास्तरांच्या बाबतीत अक्षरशः आलं होतं. आणि प्रत्येक वेळी डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणणार, ‘बाकी सगळं नॉर्मल.’

आणि एक्स-रे! तुम्हाला सांगतो, त्या एक्स-रेबद्दल बोलायला लागलो की माझंच डोकं उठतं. छातीचा फोटो एकदा नव्हे, तीनदा काढला होता मास्तरांचा. डॉक्टरांनी फिल्म त्या दिव्याच्या खोक्यावर लावली, बघितलं, चुकचुकले, म्हणाले, ‘हे लॅबवाले फिल्म उलटी देतात.’ आणि स्वतःच्या हाताने सुलटी लावली! मग बघितलं, काळीज डावीकडे, खूश! तीनदा काढला, तीनदा उलटी आली, तीनदा सुलटी केली. एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की फिल्म बरोबर असेल आणि माणूसच उलटा असेल! बरं, मोटार शिकवण्याच्या परवान्यासाठी तब्येतीचा दाखला लागतो, तो देणाऱ्यांनी तर शर्टाचं बटणसुद्धा काढायला लावलं नाही, वर न बघता शिक्का मारला. बाकी सगळं नॉर्मल.

ताईचं त्याहून वाईट झालं. तिचं लग्न झालं, सासरी गेली, आणि खोकली. आता नव्या सुनेने खोकावं का? सासू म्हणाली, हिला क्षय आहे आणि आम्हाला फसवलंय. झाल्या तपासण्या, काही निघालं नाही, तरी औषधांचा पूर्ण रतीब घातला तिला, उगाचच. आणि वर्षं गेली, मूल होईना. नवरा तसा वाईट नव्हता हो, पण बोटचेपा. एक दिवस सासऱ्यांनी हिच्या आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं की, तुमच्या मुलीत दोन दोष आहेत. एक असता तर आम्ही सांभाळून घेतलं असतं. दोन म्हणजे जरा जास्तच होतात. ताई परत आली, ती भरतकामाचं मशीन घेऊन पुढच्या खोलीत बसली, आणि तेव्हापासून आईने तोंडाचा पट्टा सोडला तो दिवंगत नवऱ्यावर. त्याच्याच घराण्याची ही नाकं, त्याच्याच ओलीच्या घरात पोरं वाढली, त्यानेच कधी लक्ष दिलं नाही, उलट्या काळजाचा मेला! रोज. जेवताना. तो बिचारा भिंतीवरच्या फोटोत, उत्तर काय देणार?

मग मास्तरांचं लग्न झालं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. शांत बाई, ‘वरून तिसरी ओळ वाचा’ हे दिवसातून शंभरदा म्हणूनही जिचा आवाज चढला नाही, अशी. दोन वर्षं गेली, चार गेली, पाळणा काही हलेना. आता तपासणी कुणाची व्हायची? हा काय प्रश्न झाला? बायकोची! रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढले, पोटाला भोक पाडून दुर्बीण घातली, पाळी मोजली, ताप मोजला. ती दुकानातून अर्धी रजा काढायची, टेबलावर झोपायची, उठायची, परत जाऊन लोकांना ओळी वाचायला लावायची. आणि प्रत्येक टेबलावरून एकच निकाल... बरोबर. बाकी सगळं नॉर्मल. ‘बाकी’ म्हणजे कशाच्या बाकी, ते कुणी सांगेना!

शेवटी तिनेच विचारलं डॉक्टरांना, इतक्या हळू आवाजात, की ह्यांचंही बघायचं का. डॉक्टर म्हणाले, हो हो, ते राहिलंच. राहिलंच! चार वर्षं बाईला उलटीपालटी करून पाहिलं आणि नवऱ्याचं राहिलंच, जसं पिशवीत कोथिंबीर घालायची राहते!

झालं, मास्तर लॅबमध्ये गेले. ती खोली म्हणजे काय सांगू तुम्हाला... एक खुर्ची, एक बेसिन, भिंतीवर धबधब्याचं चित्र, आणि दाराबाहेर बाकावर ओळीने लोक. मास्तर आत गेले आणि खोकल्याची उबळ आली. आता उबळ आल्यावर बाकीचं काय जमणार? बाहेर सगळे ऐकतायत, आत माणूस खोकतोय, थांबतोय, परत खोकतोय. लॅबच्या बाईंनी दार वाजवून काळजीने विचारलं, ‘काका, पाणी देऊ का?’ काका! मूल व्हावं म्हणून आलेल्या माणसाला काका!

आणि तो निकाल कसा कळला ते ऐका. मास्तर गाडीत होते, स्टिअरिंगवर एक निवृत्त मुख्याध्यापिका, साठीत गाडी शिकायला निघालेल्या, आणि चौकात हीऽऽ गर्दी. फोन आला, गाडीच्या स्पीकरला जोडलेला, मास्तर बटण शोधेपर्यंत लॅबच्या बाई सुरू झाल्या. ‘संख्या भरपूर आहे, पण एकही हलत नाहीये.’ मुख्याध्यापिकांना वाटलं, वाहतुकीच्या बातम्या. म्हणाल्या, ‘खरंच की, मगापासून एकही हलत नाही, हॉर्न देऊ का?’ मास्तर बटणं दाबतायत, वायपर सुरू झाला, आणि बाई पुढे, ‘जिवंत आहेत हो, आम्ही रंग घालून पाहिलं, मेलेले नाहीत. नुसते जागच्या जागी आहेत. बाकी सगळं नॉर्मल.’ तेवढ्यात मुख्याध्यापिकांना उमगलं. चेहरा असा झाला... आणि पुढच्या गाड्या सुटल्या, मागचे भोंगे मारायला लागले, आणि मास्तरांची गाडी तिथेच! कोरड्या काचेवर वायपर करकरतोय आणि दोघंही समोर बघत बसलेत. शेवटी मास्तरच म्हणाले, ‘पहिला टाका. निघा.’ दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापिका त्यांच्यासाठी खडीसाखर आणायला लागल्या. खोकल्यासाठी. पण मास्तरांना माहीत होतं ना, ती कशासाठी आहे ते.

पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग उपाय! गाडीच्या सीटची ऊब लागते म्हणून हवेशीर गादी, सैल पँटी, गोळ्या, पावडरी. मास्तर एवढ्या सैल पँटीत हिंडायला लागले की ब्रेकच्या दांडीत पायचा अडकायचा. पालथ्या घड्यावर पाणी! तिसऱ्यांदा तपासलं, एकही हलत नाही. लॅबच्या बाईंनाही वाईट वाटायला लागलं, त्या निकाल हळू आवाजात सांगायला लागल्या.

शेवटी बायकोला तपासणाऱ्या त्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आणखी मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. आनुवंशिक आजारांच्या. मास्तरांना वाटलं, आता हीसुद्धा पँट सैल करायला सांगणार. तर त्या बाईंनी कागद बाजूला सारले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘नाक कधीपासून वाहतंय?’

मास्तर म्हणाले, ‘नाकाचं नाही हो, आम्ही त्या... दुसऱ्या कामासाठी आलोय.’

‘मला कळलं. नाक कधीपासून?’

‘जन्मापासून.’

‘घरात आणखी कुणाला?’

बायको म्हणाली, ‘ताईंना. त्यांनाही असाच खोकला. आणि त्यांनाही मूल नाही.’ बोलली आणि स्वतःच दचकली, म्हणजे हे वाक्य तिच्याच तोंडून पहिल्यांदा एका दमात आलं होतं.

बाईंनी मास्तरांना टेबलावर बसवलं, शर्ट काढायला लावला. कुणी तरी लावला एकदाचा! स्टेथोस्कोप डावीकडे ठेवला, ऐकलं. सरकवला. परत ऐकलं. मास्तर बघतायत त्यांच्या चेहऱ्याकडे. मग बाईंनी तो उचलून सरळ उजवीकडे ठेवला आणि तिथे बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, ‘तुमचं हृदय या बाजूला आहे. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?’

आता यावर माणसाने काय म्हणावं? मास्तर म्हणाले, ‘सॉरी.’

तुम्हाला सांगतो, मग सगळा उलगडा झाला. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आपल्या नाकात, छातीत, डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक केस असतात, ते सारखे हलतात आणि घाण बाहेर लोटतात. मास्तरांचे जन्मापासून हलतच नाहीत, म्हणून नाक, म्हणून कान, म्हणून खोकला. आईच्या पोटात बाळ घडताना काळीज कुठल्या बाजूला जायचं, तेही तसलेच केस हलून ठरवतात. ते हलले नाहीत की निम्मी पोरं अशी, निम्मी तशी, नशिबाचा कौल. आणि पुरुषबीजाची शेपटी? त्याच घडणीची. एकच कारखाना, एकच बिघाड, आणि चाळीस वर्षं नाकवाले नाक बघतायत, कानवाले कान बघतायत, खालचे खाली बघतायत, आणि जो तो आपापल्या खोलीतून ओरडतोय, बाकी सगळं नॉर्मल!

मास्तरांनी विचारलं, ‘म्हणजे इंजिन चालू आहे, गिअर पडत नाही.’ बाई म्हणाल्या, साधारण तसंच. ‘मग गिअर बसवता येईल?’ बाई म्हणाल्या, ‘नाही. त्याला औषध नाही.’ बरं, कुणी हे गोड बोलून सांगेल, तर नाही, सरळ. पण मास्तरांना, खरं सांगतो, त्या क्षणी बरं वाटलं. जन्मभर ‘कोमट पाणी प्या’ ऐकलेल्या माणसाला कुणीतरी नाव घेऊन आजार सांगितला होता. तो आनंद रस्त्यावर येईपर्यंत टिकला. रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, ‘म्हणजे माझ्या पोटाला भोकं उगाच पाडली.’ आणि तिने त्यांचा हात धरला, म्हणून तर मास्तरांना जास्तच वाईट वाटलं. भांडली असती तर बरं होतं.

मग नाकातून ब्रशने खरवडून नमुना घेतला, तो कुठल्या तरी प्रचंड मायक्रोस्कोपखाली पाहिला, रक्त दूरच्या लॅबला गेलं. मास्तरांचं, ताईचंही. कित्येक महिन्यांनी निकाल आला, दोघांचाही तोच. तेव्हा बाईंनी सगळ्या घराला बोलावून समजावलं की, हा आजार एका बाजूने येत नाही. आईकडून एक बिघडलेलं जनुक आणि बापाकडून एक, दोन्ही एकाच पोरात आली तरच होतो.

आई म्हणाली, ‘माझ्याकडून कसं? मला साधी सर्दी होत नाही.’

बाई म्हणाल्या, ‘ज्याच्याकडे एकच असतं त्याला काही होत नाही. तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. त्यांनाही.’

अरे देवा! इतक्या वर्षांचा खटला, आणि निकाल काय? दोघं निम्मे निम्मे! आणि त्यातला एक तर केव्हाच सुटून गेलेला! आई त्या दिवसापासून जेवताना गप्प. मास्तरांना वाटायचं, शिव्या दे ग काहीतरी, घर ओकंओकं वाटतं.

पण ताई... ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मूल न होण्याचं आणि खोकल्याचं कारण एकच का. बाई म्हणाल्या, हो, बायकांच्या नळीतही तेच केस असतात, बीज पुढे सरकवायला, ते हलत नसतील तर अवघड होतं. ताई म्हणाली, ‘ते म्हणाले होते दोन दोष आहेत. एकच होता की.’

एवढंच म्हणाली. आणि खोकायला लागली, तर मास्तरही खोकायला लागले, आणि त्या खोलीत बराच वेळ दुसरं काही ऐकूच आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञान एवढं पुढे गेलंय, काहीच उपाय नाही का? आहे ना! काचेच्या बशीत. सगळ्या उभ्या गर्दीतून एक जिवंत निवडायचा, सुईने उचलायचा आणि बायकोच्या बीजात नेऊन सोडायचा. मास्तर म्हणाले, ‘म्हणजे बंद गाडी टो करून न्यायची.’ डॉक्टरीणबाई हसल्या, पहिल्यांदाच. म्हणाल्या, पण आशा फार ठेवू नका. आता आशा ही काय मापाने ठेवायची गोष्ट आहे का? एक चमचा आशा, जेवणानंतर?

बायको पुन्हा टेबलावर झोपली. इंजेक्शनांनी पोट निळं झालं. टो करून नेल्यापैकी एकाचाच काय तो बशीत गर्भ झाला, तो तिच्या पोटात ठेवला, आणि मग ते दिवस... मास्तर शिकणाऱ्यांना वेग वाढवू देईनात, खड्डा आला की स्वतःचाच श्वास धरायचे. गाडीत बायको नाहीच, ती दुकानात, तरी!

ती दुकानातच होती, जेव्हा कळलं. समोर गिऱ्हाईक, तोंडावर चष्म्याची ती जड चौकट लावून बसलेलं. तिने त्याची तपासणी पुरी केली, दोन्ही डोळ्यांचा नंबर नीट लिहून दिला, मग मागच्या खोलीत जाऊन फोन केला. ‘अहो, नाही राहिलं.’

मास्तर म्हणाले, ‘बरं.’

शेजारी एक पोरगी स्टिअरिंग घट्ट धरून, मास्तर उजवीकडे का डावीकडे सांगतात म्हणून वाट बघत होती. मास्तर काहीच बोलले नाहीत, म्हणून ती सरळ गेली. बराच वेळ सरळच गेली.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा करता येईल. बायको म्हणाली, ‘पुरे. आता मला कुठल्याच टेबलावर झोपवू नका.’ लोकांनी सल्ले दिले, दुसऱ्याचं बीज घ्या, मूल दत्तक घ्या. दोघं म्हणतात, बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं.

आणि आता मास्तरांना कुठे मागणी आहे, सांगू? मोठ्या इस्पितळात! दरवर्षी डॉक्टरकीच्या पोरांची परीक्षा असते, तिथे असा उलटा माणूस मिळाला तर परीक्षकांना काय आनंद! मास्तर जातात, शर्ट काढून टेबलावर बसतात, चहा मिळतो. पोरं येतात, कान लावतात, नापास होतात. यंदा एक मुलगी आली, घाबरलेली, अगदी लायसन्सच्या चाचणीला येतात तशी. स्टेथोस्कोप डावीकडे ठेवला, ऐकू काही येईना, पांढरीफटक पडली. परीक्षक खिडकीबाहेर बघत होते. मास्तरांचा पाय सवयीने दाबला गेला, ब्रेक नव्हता तिथे, तरी. आणि ओठ न हलवता ते म्हणाले, ‘उजवीकडे घ्या... हळू... हां, तिथे.’

मुलीचा चेहरा उजळला! घडाघडा सगळं बोलली, नाक, कान, काळीज, शेपटी, आजाराचं लांबलचक नाव, एक अक्षर चुकली नाही. परीक्षक खूश. म्हणाले, आता पेशंटला सल्ला काय द्याल? ती मास्तरांकडे वळली, मनापासून, पुस्तकात होतं तसं म्हणाली, ‘काका, हा आजार आनुवंशिक आहे. तुमच्या पुढच्या पिढीची काळजी घ्यायला हवी.’

मास्तरांनी शर्टाची बटणं लावली, खोकला ओसरू दिला, आणि म्हणाले, ‘नको, बाळ. तेवढी खबरदारी आजारानेच घेतलीय.’